डीएमनंतर ईपी फेलोशिप करायची का, आणि निवडताना नेमकं काय बघायचं

प्रश्न असा आलाय: डीएम कार्डिओलॉजीच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी विचारतेय की मला ईपी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाचं काम आवडतं, पण त्यासाठी अजून एक-दोन वर्षं फेलोशिपमध्ये घालवावीत का, भारतात की बाहेर, लग्न झालंय आणि मूल हवंय तर एक्सरेचं काय, आणि नंतर सांगली-साताऱ्याकडे परत जाऊन हे काम चालेल का. मी सोळा वर्षं हेच करतेय, पश्चिम महाराष्ट्रातल्याच एका शहरात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुला तू म्हणते, माझ्याकडे येणारे रेसिडेंट तुझ्याच वयाचे असतात.

आवडत असेल तर कर, हे पहिलं उत्तर. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची ३ आणि डीएमची ३ अशी साडेअकरा वर्षं तर झालीच, मधली एन्ट्रन्सची वर्षं वेगळी, त्यामुळे घरी अजून दोन वर्षं म्हटलं की "अगं अजून किती शिकणार" हे ऐकावंच लागतं, मीही ऐकलंय. पण डीएमच्या जोरावर ईपी जमेल असं समजू नकोस. डीएममध्ये आपण टेम्पररी पेसिंग करतो, पेसमेकर बसवतो, ईपी स्टडी, म्हणजे हृदयात कॅथेटर घालून विजेचे सिग्नल तपासणं, मात्र बहुतेकदा मागे उभं राहून बघतो, आणि मागे उभं राहून ते कळत नाही. कोरोनरीत रोग डोळ्यांना दिसतो, डाय टाकला की ब्लॉक समोर असतो. ईपीत समोर असतात फक्त रेषा, आणि कुठली रेष कुठल्या रेषेच्या किती मिलिसेकंद आधी आली यावरून आत काय चाललंय ते काढायचं असतं.

ही विद्या मुळात अशीच वाढली. १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमला ड्युरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डब्ल्यूपीडब्ल्यूच्या, म्हणजे हृदयात जन्मतः विजेची एक जादा वाट असलेल्या, पेशंटमध्ये नेमक्या वेळी एक जादा ठोका दिला की टॅकिकार्डिया, म्हणजे जलद धडधड, सुरू करता येतो आणि तसाच बंदही करता येतो, १९६९ मध्ये शेरलागनी कॅथेटरने हिस बंडलचा, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली वीज नेणाऱ्या वाटेचा, सिग्नल नोंदवला, आणि कॅथेटरमधून जाळणं आलं ते थेट १९८२ मध्ये, तेही डीसी शॉकने, रेडिओफ्रिक्वेन्सीचं पर्व तर १९९१ च्या आसपासचं. म्हणजे पंधरा वर्षं लोक फक्त टॅकिकार्डिया सुरू करून, बंद करून, विचार करत बसले होते आणि उपाय नंतर आला. फेलोशिपमध्येही तोच क्रम पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि बहुतेक मुलं-मुली फेलोशिप निवडताना इथेच चुकतात, कारण ते विचारतात की तिथे वर्षाला किती अब्लेशन, म्हणजे हे जाळणं, होतात. विचारायचं हे की फेलोला स्टिम्युलेटरवर, म्हणजे हृदयाला ठोके देणाऱ्या मशीनवर, किती बसायला मिळतं.

एक केस सांगते म्हणजे कळेल. गेल्या पावसाळ्यात एक बाई आली, ३४ वर्षांची, अकरा वर्षं धडधडीचा त्रास, मधल्या काळात कुणी टेन्शनच्या गोळ्या दिल्या, कुणी थायरॉइड तपासला, घरात तर ती घाबरट म्हणूनच ठरली होती. साधा ईसीजी दरवेळी नॉर्मल, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची. मी विचारलं नेमकं कसं होतं तर म्हणाली, "मॅडम, गळ्यात बेडूक उड्या मारतो." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पुस्तकात या लक्षणाला बेडकाचंच नाव आहे, वरचे कप्पे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावले की झडप बंद असताना रक्त मानेच्या शिरांत उलटं उसळतं, तेच ते. निम्मं निदान तिथेच झालं.

लॅबमध्ये आम्ही ६०० मिलिसेकंदच्या लयीवर पेसिंग लावलं आणि दर आठ ठोक्यांनंतर एक जादा ठोका, दरवेळी १० मिलिसेकंद लवकर. ३४०, ३३०, ३२०, तोपर्यंत वरून हिसपर्यंत यायला लागणारा वेळ हळूहळू वाढत होता, ३२० ला १४५ होता. ३१० ला एकदम २३० झाला. १० मिलिसेकंदचा फरक केला आणि वेळ ८५ ने उडी मारून वाढला, म्हणजे एव्ही नोडमधल्या दोन वाटांपैकी जलद वाट, फास्ट पाथवे, तिथे थकला आणि करंट स्लो पाथवेने खाली आला. ३०० ला टॅकिकार्डिया सुरूच झाला, सायकल लेंग्थ, म्हणजे दोन ठोक्यांतलं अंतर, ३५०. ही उडी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बघितली ना की ती कायमची डोक्यात बसते, दुसऱ्याने दाखवलेली नाही बसत.

पण निदान अजून झालेलं नाही हं. खालचा आणि वरचा सिग्नल यांत अंतर २० मिलिसेकंद, इतक्या कमी वेळात करंट खालच्या कप्प्यातून जादा वाटेने वर जाऊच शकत नाही, मधल्या पडद्यावर (सेप्टमवर) ७० च्या आत असेल तर ती वाट बाद. मग उरले दोन मुख्य संशयित, एव्हीएनआरटी, म्हणजे एव्ही नोडच्या त्या दोन वाटांत वीज गोल फिरणं, आणि एट्रियल टॅकिकार्डिया, म्हणजे वरच्या कप्प्यातूनच उठणारा. खालच्या कप्प्यातून ३३० ने पेस केलं, वरचा कप्पा त्याच लयीने यायला लागला, पेसिंग थांबवलं आणि बघितलं की शेवटच्या ओढून आणलेल्या ए (वरच्या कप्प्याच्या सिग्नल) नंतर आधी काय येतं. व्ही, म्हणजे खालच्या कप्प्याचा, आला. दोन ए लागोपाठ आले असते तर एट्रियल टॅकिकार्डिया म्हटलं असतं. पेसिंग संपल्यावर पुढचा ठोका ५१५ ला आला, टॅकिकार्डियापेक्षा १६५ जास्त, ११५ च्या वर गेलं की सर्किट खालच्या कप्प्यापासून लांब आहे. एव्हीएनआरटी.

हे सगळं मी तेव्हा मोठ्याने बोलत होते, टेक्निशियनला ऐकू जाईल असं. ही सवय माझ्या पहिल्या वर्षाच्या सरांची. ते पूर्ण निदान पुराव्यासकट तोंडाने वदवून घेतल्याशिवाय जाळायचा जनरेटर चालू करू द्यायचे नाहीत. "दिसतंय तर एव्हीएनआरटीसारखं" असं म्हटलं की कॅथेटर बाहेर काढायला लावायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिले तीन महिने मला रडू यायचं, केस लांबायची, बाकीचे कंटाळायचे. पण त्या एका वर्षामुळेच आज रात्री बारा वाजता वेडावाकडा टॅकिकार्डिया समोर आला तरी मी गडबडत नाही.

अब्लेशन चालू असतानासुद्धा खरं काम नजरेचंच असतं. स्लो पाथवेवर जाळताना जंक्शनल, म्हणजे एव्ही नोडच्या भागातून उठणारे, ठोके येतात, ते यायलाच हवेत, पण प्रत्येक ठोक्यामागे वरचा सिग्नल येतोय ना हे एक माणूस नुसतं बघत बसलेला पाहिजे. एक जरी गळला किंवा ठोके फार जलद यायला लागले की "ऑफ" ओरडायचं, आणि बंद करायचं, विचार नंतर. इथे दोन-तीन सेकंद उशीर झाला तर त्या ३४ वर्षांच्या बाईला जन्मभराचा पेसमेकर. फेलोला सुरुवातीला हेच काम देतात आणि कित्येक जण ते हलकं समजतात.

आता कुठे करायची. भारतात तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा आणि वेल्लोरचं सीएमसी ही पोस्ट डॉक्टरल फेलोशिपची जुनी आणि चांगली नावं, शिवाय दिल्ली, चंदीगडसारख्या सरकारी संस्था आणि मोठी खाजगी हॉस्पिटलं आहेत. सीट मोजक्या असतात, जाहिरात कधी निघते ते त्या-त्या वेबसाइटवर स्वतः बघत राहा, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. अमेरिकेत रीतसर बोर्डाच्या वाटेने जायचं तर आपलं एमडी-डीएम बाजूला ठेवून तिथलं इंटर्नल मेडिसिन ३ वर्षं, कार्डिओलॉजी ३ वर्षं आणि मग ईपी २ वर्षं असा मार्ग आहे, तुझ्या वयाला आणि तुझ्या प्रश्नाला तो लागू नाही. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे मात्र डीएमनंतर थेट क्लिनिकल फेलो म्हणून घेतात, अर्ज आणि इंटरव्ह्यू बरेचदा दीड-दोन वर्षं आधी होतात, काही जागा पगारी असतात काही नसतात, हे पत्र हातात पडायच्या आधी स्पष्ट विचारून घे, लाजू नकोस.

मी एक वर्ष भारतात आणि मग दोन वर्षं कॅनडात केलं, आणि हाच क्रम मी आजही सुचवते. एसव्हीटी, म्हणजे वरच्या कप्प्यांशी आणि एव्ही नोडशी संबंधित टॅकिकार्डिया, इथे शिक. आपल्याकडे पेशंट भरपूर, लहान वयाचे, डब्ल्यूपीडब्ल्यू पण खूप, आणि हात लवकर मिळतो. पाया पक्का करून बाहेर गेलीस तर एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर), व्हीटी (खालच्या कप्प्यातला टॅकिकार्डिया), लीड एक्स्ट्रॅक्शन (पेसमेकरची जुनी तार काढणं) या गोष्टींत पुढे जाता येतं. पाया नसताना गेलीस तर तिथल्या स्थानिक फेलोच्या मागे उभी राहशील, शीथ (नळ्या) काढायला आणि ग्रॉइन (जांघ) दाबायला, आणि दोन वर्षांनी हातात एक छान सर्टिफिकेट असेल. असे दोघं-तिघं मी जवळून बघितलेत, हुशार माणसं, पण परत आल्यावर एकट्याने केस घ्यायला घाबरतात.

फिब्रिलेशनबद्दल थोडं, कारण सगळ्यांना तेच शिकायचं असतं. १९९८ मध्ये बोर्दोच्या हाइसागेर यांच्या टीमने ४५ पेशंटमध्ये दाखवलं की फिब्रिलेशन पेटवणारे बहुतेक ठोके पल्मनरी व्हेनमधून, म्हणजे फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांतून, येतात, त्यावर आजचं सगळं अब्लेशन उभं आहे. आता पल्स्ड फील्ड, म्हणजे उष्णतेऐवजी विजेच्या झटक्यांनी केलेलं अब्लेशन, आलंय, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मंजुरी मिळाली, अन्ननलिका आणि फ्रेनिक नर्व्हला धोका कमी, केस लवकर संपते. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे अशा लॅब तयार झाल्यात की जिथे फेलो वर्षभर एकच कॅथेटर चार व्हेनमध्ये फिरवतो आणि झालं. ते शिकायला काही आठवडे पुरतात गं. तोच पेशंट सहा महिन्यांनी फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यात गोल फिरणारी वीज, घेऊन परत आला की तो मायट्रल झडपेभोवतीचा आहे की डाव्या वरच्या कप्प्याच्या छताचा की उजवीकडचा हे एन्ट्रेनमेंटने, म्हणजे वेगवेगळ्या जागी पेस करून, शोधायला वर्ष लागतं, आणि ते शिकवणारा माणूस हवा.

व्हीटीबद्दल आपल्या देशाचा एक वेगळा मुद्दा आहे. तरुण माणूस, कोरोनरी स्वच्छ, आणि व्हीटी, तर आपल्याकडे सार्कॉइड (गाठी होणारा एक दाहाचा आजार) की टीबी हा प्रश्न येतोच, पेट स्कॅन, छातीतल्या गाठींची बायोप्सी, छातीच्या डॉक्टरांशी भांडण. कॅथेटर घालायच्या आधी त्याला स्टेरॉइड द्यायचं की टीबीची औषधं हे ठरवावं लागतं. बाहेरच्या फेलोशिपमध्ये हा विचार शिकायला मिळत नाही, भारतातल्या चांगल्या लॅबमध्ये मिळतो.

कॉम्प्लिकेशन हा विषय कुणी इंटरव्ह्यूत काढत नाही, तू काढ. कन्सल्टंट झाल्यावरच्या माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट, ट्रान्ससेप्टल पंक्चर (वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातून सुई पलीकडे नेणं) झालं, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलं, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ३०० च्या वर, आणि वीस मिनिटांनी प्रेशर १२० चं ९५ झालं. ॲनेस्थेशियावाले म्हणाले औषधाने असेल. मी फ्लुरोवर, म्हणजे चालू एक्सरेच्या पडद्यावर, नजर टाकली तर हृदयाची डावी कड हलत नव्हती. नेहमी ती थडथडत असते, ती नुसती स्थिर होती. इको लावायच्या आधीच मला कळलं की मी भोक पाडलंय. पुढच्या सात-आठ मिनिटांत प्रेशर ६० पर्यंत गेलं, झिफॉइडखालून सुई, वायर, पिगटेल, ४०० मिली रक्त काढलं, हेपरिनचा असर उतरवायला प्रोटामिन, आणि प्रेशर परत आलं. माणूस पाचव्या दिवशी चालत घरी गेला. मला हे जमलं कारण फेलोशिपमध्ये हृदयाभोवतीच्या पिशवीतून असं रक्त काढणं, पेरिकार्डियल टॅपिंग, माझ्या हाताने झालेलं होतं, आणि ती हृदयाची कड दर पंधरा मिनिटांनी बघायची सवय लावलेली होती. म्हणून विचार, की असा टॅम्पोनाड, म्हणजे साचलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाणं, झाला तर तुमच्याकडे सुई फेलो घालतो का सिनियर येऊन घालतात? आणि फेलो दरमहा कॉम्प्लिकेशन मीटिंगला बसतो का? ज्या लॅबमध्ये "आमच्याकडे होतच नाही" असं सांगतात तिथे जाऊ नकोस.

डिव्हाइसकडे, म्हणजे पेसमेकर आणि आयसीडीकडे, दुर्लक्ष करू नकोस, गावाकडे आल्यावर पोट त्यावर आणि ओपीडी त्यावर. पेसिंग आता साधं राहिलेलं नाही, थेट हिस बंडलवर कायमचं पेसिंग प्रमोद देशमुख यांनी २००० मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध केलं, नंतर २०१७ मध्ये चीनमधल्या हुआंग यांनी लेफ्ट बंडलचा मार्ग दाखवला, आणि आज ७० वर्षांच्या आजीलासुद्धा आपण जमेल तिथे हृदयाच्या या विजेच्या वाटांवर, कंडक्शन सिस्टिमवर, लीड (तार) लावतो. पण लीड लावण्याइतकंच प्रोग्रॅमर, म्हणजे बसवलेलं डिव्हाइस बाहेरून तपासायचं आणि सेट करायचं मशीन, हाताळणं महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते काम कंपनीचा माणूस करतो, फेलो चहा पितो. तसं करू नकोस.

माझा एक शेतकरी पेशंट आहे, आयसीडी, म्हणजे घातक लय आली की आतूनच शॉक देणारं मशीन, बसवलेला, त्याला एका आठवड्यात तीन शॉक बसले. व्हीटी वाढलं म्हणून अमिओडॅरोन चालू करून पाठवला होता. मी मशीन लावून आतले सिग्नल उघडले तर शॉकच्या आधी अगदी एकसारख्या बारीक दातेरी रेषा, दोन दातांत २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झ. ती त्याच्या हृदयाची नव्हतीच, आपल्या घरातल्या विजेची होती. विचारलं शॉक बसला तेव्हा काय करत होतात, तर तिन्ही वेळा विहिरीवरच्या मोटारीचा पाइप धरलेला. अर्थिंग तुटलेलं होतं, करंट अंगातून जात होता, इतका कमी की हाताला जेमतेम झिणझिणी, पण आयसीडीला ते फिब्रिलेशन वाटलं. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं, अमिओडॅरोन बंद केलं, चार वर्षं झाली, एकही शॉक नाही.

आता रेडिएशन आणि मूल. यावर मी अनुभवाने बोलते कारण फेलोशिपच्या दुसऱ्या वर्षात मी गरोदर राहिले. नवव्या आठवड्यात हेडना सांगितलं, भीती वाटत होती, पण सांगितलं. नियम स्पष्ट आहेत, आपल्याकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि गरोदरपण कळवल्यावर पुढच्या सगळ्या महिन्यांत मिळून बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. मला एप्रनच्या आत पोटावर वेगळा बॅज दिला, दर महिन्याला रीडिंग हातात यायचं. आणि माझी बसायची जागा आतल्या कंट्रोल रूममध्ये स्टिम्युलेटरवर गेली. ते पाच महिने मी रोज फक्त सिग्नल वाचले, प्रत्येक केसचे, आणि माझं निदान सर्वात जास्त सुधारलं ते त्या पाच महिन्यांत. आज तर थ्रीडी मॅपिंगमुळे बरीच एसव्हीटी जवळजवळ फ्लुरोशिवाय होते. लॅब निवडताना तिथे किती फ्लुरो वापरतात ते विचार, आणि आधी कुणी बाई फेलो होती का तेही, असेल तर तिला फोन कर. एप्रन दोन तुकड्यांचा, स्वतःच्या मापाचा घे, लॅबमधला कुणाचाही अडकवू नकोस, चार-पाच तासांच्या केसमध्ये सगळं वजन खांद्यावर आलं की मणके जातात.

पैशाचं खरं सांगते. तीन तासांच्या अब्लेशनमध्ये शेजारच्या लॅबमध्ये तीन अँजिओप्लास्टी होतात आणि मॅनेजमेंटला हे गणित पाठ असतं. मी परत आल्यावर पहिली चार वर्षं अँजिओप्लास्टी, रात्रीचे हार्ट अटॅक सगळं केलं, ईपीचा दिवस आठवड्यातून एक होता. तूही कोरोनरीचा हात सोडू नकोस निदान तोपर्यंत. पेशंट यावेत म्हणून मी जाहिरात नाही केली, तालुक्यांच्या फिजिशियनकडे गेले आणि दोनच गोष्टी सांगत फिरले: धडधड चालू असताना आधी बारा लीडचा ईसीजी काढा मग इंजेक्शन द्या, आणि धडधड थांबवायचं अडेनोसिन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा, ती फेकू नका, मला व्हॉट्सॲप करा. त्या पट्टीवर धडधड कशी थांबली यावरून अर्धं निदान होतं. हळूहळू फोटो यायला लागले, मग पेशंट, आता आठवड्याचे तीन दिवस ईपीचे आहेत. तेव्हा हो, सांगली-साताऱ्याला चालतं, पण पाच वर्षं धीर धरायची तयारी ठेव.

तू आता काय करावंस: थीसिसचं काम आटोपलं की आठ दिवस सुट्टी काढ, आणि ज्या दोन लॅब मनात आहेत तिथे परवानगी घेऊन ऑब्झर्व्हर म्हणून बस. प्रोफेसरांशी जास्त बोलू नकोस. केस चालू असताना स्टिम्युलेटरवर कोण बसलंय ते बघ, फेलो की कंपनीचा माणूस. संध्याकाळी तिथल्या फेलोला चहाला घेऊन जा आणि विचार, शेवटची एव्हीएनआरटी पंक्चरपासून निदानापर्यंत आणि शेवटच्या बर्नपर्यंत पूर्ण कुणी केली, आणि तेव्हा तू फेलोशिपच्या कितव्या महिन्यात होतास. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही बघ. दोन्ही लॅबची उत्तरं मला कळव, मग अर्ज कुठे करायचा ते बोलू.